रोजमेळात न येणारी शिल्लक

प्रति,
सेलूतील व्यापारी संघटनांचे पदाधिकारी, समस्त दुकानदार, कारागीर आणि घरून व्यवसाय करणाऱ्या भगिनी यांस



हे पत्र वर्गणीसाठी नाही, तेव्हा निर्धास्त होऊन वाचा. मागणे आहे, पण पैशाचे नाही. गल्ल्यावर बसून तुम्ही दिवसभर गिऱ्हाइकांना जे सांगता, त्यातले थोडे लिहून काढा. स्वतःच्या नावाने लिहा, खाली तारीख घाला आणि शोधणाऱ्याला सापडेल अशा जागी ठेवा.

रोजमेळ तुम्ही नेमाने लिहिता. दिवाळीला वहीपूजन करता. रुपया कुठून आला आणि कुठे गेला, ते तुमच्या वहीत मिळते. ज्या जाणकारीच्या जोरावर तो रुपया आला, तिची नोंद मात्र कुठेच नसते. ती तुमच्या डोक्यात असते. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि शटर कायमचे खाली आले, की तीही गेली. बाजारपेठेतली अशी दुकाने आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

गिऱ्हाईक बदलले, हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळते. वालूरचा किंवा कुपट्याचा शेतकरी बाजाराला आला की आधी तुमच्या पायरीवर टेकायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि मग विचारायचा, ‘मालक, औंदा कोणतं बी घ्यावं?’ आता हा प्रश्न घरून निघण्याआधीच मोबाइलला विचारून झालेला असतो. दुकानात तो येतो ते वाणाचे नाव सांगायला आणि भाव करायला. ज्या सल्ल्यासाठी तुमची पायरी झिजली, तो दुसऱ्याच कुणी देऊन टाकलेला असतो. त्या दुसऱ्याने दुधनेकाठची काळी जमीन कधी पाहिलेली नसते, मृगात आपल्याकडे किती दिवस पावसाची ओढ बसते हे त्याला ठाऊक नसते. पण त्याने लिहून ठेवले आहे आणि तुम्ही ठेवलेले नाही, म्हणून त्याचे चालते.

मोबाइलवर ‘सेलू’ आणि पुढे ‘कापूस’ एवढेच टाकून पाहा. वर्धा जिल्ह्यातही एक सेलू आहे, तोही तालुका आहे आणि तिथेही कापूसच पिकतो. त्यात आपल्या गावाचे नाव इंग्रजीत लिहिताना सरकारी कागदसुद्धा एकमत होत नाहीत. परगावच्या माणसाने कोणते सेलू समजावे? यात मोबाइलचा दोष नाही. आपल्या सेलूबद्दल आपल्या माणसांनी लिहिलेले त्याला सापडतच नाही, तर तो दाखवणार काय?

मोटार रिवाइंडिंगवाल्यांचेच घ्या. उन्हाळ्यात त्यांच्या दुकानासमोर जळालेल्या मोटारींची रांग लागते. प्रत्येक शेतकऱ्याचा प्रश्न एकच, ‘पुन्हा जळाली, असं काऊन होतंय?’ आणि कारागीर हातातली तार न सोडता तेच उत्तर पुन्हा देतो. तीनपैकी एक फेज गेला तरी चालू मोटार थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, वाइंडिंग तापते आणि जळते. विहिरीचे पाणी तळाला गेले आणि मोटार कोरडी फिरली, तरी तेच. शेतात रात्री-अपरात्री जायला नको म्हणून ऑटो स्विच बसवलेला असतो. वीज आली की एका डीपीवरचे सगळे पंप त्याच क्षणी उठतात, भार एकदम पडतो आणि डीपीच जाते. महावितरण वर्षानुवर्षे सांगते आहे, ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. त्या आवाहनाचा कागद कुणी वाचत नाही, कारण तो सगळ्या महाराष्ट्रासाठी असतो. पण तालुक्यातल्या मोटारी उघडून ज्याचे हात काळे झाले आहेत, त्या माणसाने दीड पान लिहावे. कोणत्या महिन्यात कोणत्या कारणाने मोटारी येतात, जळालेले वाइंडिंग पाहून फेज गेला होता की मोटार कोरडी फिरली हे कसे ओळखतात, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरला किती पैसे पडतात आणि रिवाइंडिंगला किती. ते पान तालुकाभर फिरेल.

यावर पहिली शंका अशी येते की मोटार जळायची थांबली तर धंदा कसा चालायचा? शंका खोटी नाही. काही कामे कमी होतील. पण ज्याची मोटार तुमच्या सांगण्याने वाचली, तो स्टार्टर, केबल, कॅपॅसिटर घ्यायला कुणाकडे जाईल? आणि भावकीत नवी मोटार घ्यायची वेळ आली की कुणाचे नाव सांगेल?

लिहून धंदा वाढतो, हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मराठी मुलखात हे शंभर वर्षांपूर्वी घडून गेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवले. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती, नांगर पडून राहिले. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला, ती किर्लोस्करवाडी. आणि १९२० मध्ये तिथून शंकरराव किर्लोस्करांनी एक छोटे नियतकालिक काढले, ‘किर्लोस्कर खबर’. नांगराच्या कारखान्याचे मासिक! आज ऐकून गंमत वाटते. पण त्यामागचा विचार पक्का व्यापारी होता. दुकानात मांडून ठेवला म्हणून लोखंडी नांगर खपत नाही. तो का घ्यावा, कसा जुंपावा, दुसऱ्या शेतकऱ्याचा अनुभव काय आला, हे सांगावे लागते. हजार गावांत माणूस पाठवून सांगण्यापेक्षा छापून पाठवणे स्वस्त पडते.

खबर पुढे इतकी वाढली की नावातली ‘खबर’ गळून नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध या ‘किर्लोस्कर’मधूनच लोकांपर्यंत पोचले. नांगर विकायला काढलेल्या कागदाने मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांना वाचायला लावले. आपल्याला एवढे मोठे काही करायचे नाही. आपल्या उपयोगाचा आहे तो १९२० मधला पहिला टप्पा, जेव्हा तो कारखान्याचा साधा कागद होता.

आणखी एक साम्य पाहा. अमेरिकेतल्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ नावाचे नियतकालिक सुरू केले, ते आजही निघते. जॉन डिअर हाही मुळात नांगर घडवणारा लोहार. दोन्हीकडे नांगरवाल्यांनाच लिहायचे सुचले, हा मला योगायोग वाटत नाही. जो माल समजल्याशिवाय घेता येत नाही, तो विकणाऱ्याला लिहिणे सुचतेच. आता सेलूच्या बाजारातला माल डोळ्यांसमोर आणा. बियाणे, औषधे, मोटारी, चष्मे, सोने, इन्व्हर्टर. यातले काय न समजता घेण्यासारखे आहे?

‘ते किर्लोस्कर होते, आम्ही कुठे!’ हे उत्तर मला येणार, ठाऊक आहे. मग लिज्जत घ्या. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्या संस्थेने पुढे ‘लिज्जत पत्रिका’ चालवली, आपल्याच बहिणींनी वाचायची. आपल्या गावातल्या बचत गटांच्या भगिनींचे पापड, कुरडया, शेवया, मसाले कुणापेक्षा उणे नाहीत. पण पाकिटावर नाव आणि फोन नंबर यापलीकडे एक ओळ नसते. कुरडयांचा गहू किती दिवस भिजवला, चीक कसा काढला, कोणत्या उन्हात वाळवल्या, हे पुण्या-मुंबईतल्या ज्या सुनेला आईकडून शिकायला मिळाले नाही, ती ते वाचून पाकीट मागवेल. तिला कुरडईइतकीच तिची गोष्टही हवी असते.

गुपित फुटेल, ही दुसरी भीती. तिचे मला हसू येते. तुमच्या शेजारच्या दुकानदाराला तुमचे सगळे गुपित आधीच ठाऊक असते, कारण त्याचा मुनीम तुमच्याकडेच शिकलेला असतो. अंधारात असतो तो फक्त गिऱ्हाईक. भावाचेही तेच. अमेरिकेत मार्कस शेरिडन नावाचा एक माणूस तरणतलाव बसवणाऱ्या छोट्या कंपनीत भागीदार होता. २००८ च्या मंदीत कंपनी बुडायला आली. तेव्हा त्याने गिऱ्हाईक विचारत असलेला प्रत्येक प्रश्न घेतला आणि त्याचे उत्तर इंटरनेटवर लिहायला सुरुवात केली. पहिलाच प्रश्न, तलावाला खर्च किती येतो? त्या धंद्यातले कुणीच हे उघड सांगत नव्हते. त्याने सांगितले आणि लोक त्याच्याकडे आले. कंपनी तगली. पुढे त्याने यावर पुस्तकही लिहिले. आपल्याकडे मात्र साध्या ब्लाउजच्या शिलाईचा दर विचारला तरी ‘या तर खरं, बघू’ असे उत्तर येते.

सगळ्यात जास्त लिहायला हवे ते अडत आणि जिनिंगवाल्यांनी. सेलूची ओळख कापसाने झाली, आणि शेतकरी-व्यापारी यांच्यातला अविश्वासही कापसावरच सर्वांत दाट आहे. सकाळी मोबाइलवर एक भाव वाचून शेतकरी गाडी भरतो, बाजारात दुसराच भाव लागतो आणि त्याला वाटते, लुटले. कधी कधी लुटलेही जाते, ते मी झाकणार नाही. पण पुष्कळदा कारण साधे असते आणि कुणी सांगत नाही. भारतीय कापूस महामंडळ ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेते, आठच्या वर जाईल तशी कपात होते. दिवाळीआधीचा, दव खाल्लेला कापूस त्यात बसत नाही. फरदडीच्या कापसाला धागा कमी. वेचणीत कवडी आणि पातेरा आला की प्रत घसरते. शेतकरी क्विंटलमध्ये मोजतो, रुईचा बाजार खंडीत बोलतो, आणि खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. शंभर किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. म्हणजे सरकीचा भाव पडला तरी कापसाचा भाव पडतो, रुई तेजीत असली तरी. हे गणित तालुक्यातल्या किती शेतकऱ्यांना कुणी मांडून दाखवले आहे? एखाद्या जिनिंगने हंगामभर रोज चार ओळी लिहिल्या, आज रुई काय, सरकी काय, कोणत्या ओलाव्याला काय भाव दिला आणि का, तर पहिल्या आठवड्यात लोक हसतील. महिन्याने गाड्या त्या फाटकासमोर लागतील. आणि जो व्यापारी हे लिहू शकत नाही, त्याच्याकडे का लिहू शकत नाही याचे कारण असेल, तेही शेतकऱ्याला आपोआप कळेल.

कृषी सेवा केंद्रांनी मे महिन्यात एवढे जरी लिहिले तरी पुष्कळ: घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल टिकवा, आठवड्याने उघडून कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला, आणि सगळा राग झेलावा लागला तो गावोगावच्या दुकानदारांना. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण दाखवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसे गेली, त्यानंतर तरी हा त्रिकोण दुकानाच्या दारावर मोठा करून लावायला हवा होता. परभणीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्यांच्या शिफारशी मराठीतून मिळतात. त्यांच्या शिफारशीला तुमचा अनुभव जोडा, कोणत्या शिवारात काय आले, काय गेले. कंपनीचे रंगीत पत्रक उतरवून काढू नका. ते सगळ्यांकडे असते.

तीच सूचना मजकूर लिहून देणाऱ्या नव्या यंत्रांबद्दल. हल्ली मोबाइलला सांगितले की तो पानभर गोड मराठी ओकतो. वाचणाऱ्याला दोन ओळींत कळते की हे सेलूचेही नाही आणि कुठलेच नाही. तुमचे शुद्धलेखन चुकले तरी चालेल. ऱ्हस्व-दीर्घावरून कुणी खताचे पोते परत करत नाही. पण खोटे लिहू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गावात होणारी नाचक्की वेगळीच.

कुठे लिहायचे, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सर्वांत सोपा आहे. व्हॉट्सॲपचे स्टेटस चोवीस तासांत जाते, ग्रुपवरचा निरोप सुप्रभाताच्या फुलांखाली गाडला जातो. रीलमध्ये नाचणारी कढई लोक पाहतात, पण सहा महिन्यांनी कढई घ्यायची वेळ येते तेव्हा ती सापडत नाही. तेव्हा इंटरनेटवर स्वतःची एक जागा घ्या, तिथे मराठीत लिहा आणि स्टेटसवर तिचा पत्ता टाका. खर्च जवळजवळ नाही. ज्यांना तेही नको, त्यांनी दुकानाबाहेर काळा फळा लावावा. आणि नववर्षाला तुम्ही जी दिनदर्शिका वाटता, तिची मागची बाजू? पुढे देवाचा फोटो, खाली दुकानाचे नाव, मागे कोरे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ पासून ‘कालनिर्णय’च्या पानांमागे कामाचा मजकूर छापला, म्हणून ते घरोघरच्या भिंतीवर टिकले. तुम्ही बारा महिन्यांची बारा पाने कोरी वाटता.

वेळ नाही, ही सबब मात्र मी मान्य करतो. सकाळी नऊ ते रात्री नऊ उभे राहणाऱ्या माणसाला लिहायला बस म्हणणे सोपे आहे. म्हणून हे पत्र संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना आधी लिहिले आहे. नूतन महाविद्यालयात मराठी आणि वाणिज्य शिकणारी मुले आहेत. त्यांना दुकानात बसवा, तुम्ही बोला, ते लिहितील. त्यांना चार पैसे द्या, फुकट राबवू नका. एका दुकानाचे महिन्याला एक पान झाले तरी वर्षात बाजारपेठेचा ग्रंथ होईल. पाथरीला आणि इथे येणाऱ्या साईभक्तांसाठीही त्यातले एक पान ठेवा. गोपाळराव देशमुखांचे, म्हणजे साईपरंपरेतल्या वेंकुशांचे नाव आपल्या गावाशी जोडलेले आहे, आणि लांबून आलेल्या त्या माणसांना इथे चांगले जेवण कुठे मिळते एवढेही कुठे लिहिलेले सापडत नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकांवर या शहरात जो पैसा दरवर्षी जातो, त्याच्या दहाव्या हिश्शात हे सगळे होते. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. सुरुवात कृषी सेवा केंद्रांपासून करा, खरिपाच्या आधी. सोयाबीनच्या उगवणीवरचे पहिले पान मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लोकांच्या हातात पडले पाहिजे.

आपला,
सेलूच्या बाजारातले एक जुने गिऱ्हाईक